होडीच्या फळ्यांचे बाक

माझी लेक महापालिकेच्या शाळेत शिकवते. परवा तिचा फोन आला. वर्गातला पंखा बंद पडलाय, वरच्या ऑफिसला लिहून लिहून हात दुखले, आता मुख्याध्यापिका म्हणतात की पालकांना चिठ्ठी पाठव, ऐच्छिक मदत मागून बघ. "आई, पाठवू का गं?"

मी विचारलं, "पंख्यावर नाव कुणाचं घालणार?"

ती एकदम हसत सुटली. मग मीही. दोघी कितीतरी वेळ फोन कानाला लावून नुसत्या हसत होतो. फोन ठेवल्यावर मात्र माझं डोकं जे तापलं ते अजून थंड झालेलं नाही. चाळीसेक वर्षांपूर्वीचा राग, पण इतका ताजा आहे की मलाच नवल वाटतं. म्हणून लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा अंधेरीला राहायचो, स्टेशनकडून वेसाव्याला जाणारा जो रस्ता आहे त्याच्या शेवटाकडे. आमच्या बिल्डिंगच्या मागे नारळाची झाडं, त्यापलीकडे गावठाण, त्याच्याही पलीकडे कोळीवाडा आणि समुद्र. वारा फिरला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास थेट देवघरापर्यंत यायचा. माझे मालक एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. मी घरी होते. घरी होते म्हणजे नुसती घरी नव्हते हं, मला मतं होती. खांद्यावर पदर पिन लावून बसवलेला, मॅट्रिकला चांगले मार्क, आणि अक्षर असं की बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकांची पाकिटं मीच लिहायची. आपल्यासारखी बाई या रस्त्यावर दुसरी नाही, असं मला मनापासून वाटायचं. आज ती बाई समोरून येताना दिसली तर मी फुटपाथ बदलीन.

लेकीला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डावा पाय गेला. त्या पायाला कॅलिपर असायचा, म्हणजे दोन बाजूंना लोखंडाच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जडच्या जड तपकिरी बूट. गुडघ्यापाशी एक कडी होती, ती सोडवली की खुर्चीत बसता यायचं. जमिनीवर मांडी घालणं मात्र शक्यच नव्हतं. पाय लांब करून बसायचं, आणि उठायचं झालं की दोन मैत्रिणींनी काखेत हात घालायचे. पोरगी तोंडाची तिखट. उचलणाऱ्या मुलींनाच दम द्यायची की नीट धरा, मी काय बटाट्याचं पोतं आहे का.

आधी आम्ही तिला एका संस्थेच्या शाळेत घालायला नेलं होतं. तिथले गृहस्थ फार कळवळून म्हणाले, आमच्याकडे जिने आहेत हो, मुलीला झेपायचे नाहीत. आम्ही उठलो तेव्हा ते म्हणाले, तरी विचार करता येईल, आमच्या इमारत फंडाला आपण डोनेशन काय देऊ शकाल. आम्ही डोनेशन दिलं की जिने कसे नाहीसे होणार होते, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून महापालिकेची शाळा. घरापासून जवळ, बैठी, एक पायरी सोडली तर चढायचं काही नाही. शिकवणं चांगलं होतं. नव्हते ते बाक. पहिली ते चौथी सगळी पोरं तरटपट्टीवर. तिसरीत वर्गाच्या बाईंनी माझ्या लेकीला आपली स्वतःची खुर्ची दिली आणि त्या दिवसभर उभ्या राहून शिकवायला लागल्या. त्यांच्या पायांच्या शिरा सुजलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. आणि पोरगी घरी येऊन कुरकुरायची ती वेगळंच, की मी एकटीच वर बसते, मला खालचं कुणाचं बोलणं ऐकू येत नाही.

मी हेडमास्तरांकडे गेले. निवृत्तीला आलेले, बारीक चणीचे, कायम घसा खाकरणारे गृहस्थ. मला एकच बाक हवा होता. एका मुलीला बसायला एक बाक. त्यांनी सांगितलं की सगळ्या शाळेसाठी बाकांची मागणी केव्हाच वर पाठवली आहे, मंजूरही झाली आहे असं कानावर आहे, येतील. कधी येतील, असं विचारलं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "पालकांनी काही ऐच्छिक केलं तर बघा."

त्यांनी 'बघा' म्हटलं आणि मला झेंडा हातात दिल्यासारखं झालं.

पालकांच्या सभेत मी उभी राहिले. एकट्या आपल्या मुलीसाठी मागायची लाज वाटत होती, म्हणून मी अख्ख्या वर्गासाठी मागितलं. काय भाषण ठोकलं म्हणता. शाळा आपली, मुलं आपली, सरकारच्या तोंडाकडे किती दिवस बघायचं, आपणच आपल्या हातांनी उभं केलं पाहिजे. पदर दोनदा सावरला, आवाज एकदा भरून आणला. समोर कोळीवाड्यातल्या आया, गावठाणातल्या ख्रिस्ती आया, कोकणातून आलेल्या बिऱ्हाडांतल्या आया, सगळ्या जमिनीवर बसून माझ्याकडे वर बघत होत्या, आणि ते त्यांचं वर बघणं मला फार आवडत होतं.

भाषण संपल्यावर एकीनेच तोंड उघडलं. ती कोळीण आमच्याच बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन यायची, तिचा मुलगा माझ्या लेकीच्या वर्गात. माझ्याशी बोलताना ती आपली बोली जरा आवरून घ्यायची, तरी होडीला होरीच म्हणायची.

"तुझं झालं बोलून? पैशे नाय आमच्याकडं. लाकूड हाय. सासऱ्याची होरी मोडून पडलीय वाळूत. सागाची हाय. चालंल?"

न चालायला काय झालं. आठवडाभरात होडीच्या फळ्या शाळेच्या आवारात येऊन पडल्या. सुतारही वर्गातच मिळाला, म्हणजे गावठाणातल्या एका ख्रिस्ती मुलीचे वडील. खिळे कुणी आणले, कुणी लोखंडी पट्ट्या, माझ्या मालकांनी ड्रॉइंग काढून दिलं, अगदी तीन बाजूंनी दिसणारं, मापांसकट. सुतारबाबांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि पुन्हा कधी बाहेर काढलं नाही.

बाक झाले ते असे. होडीच्या फळ्या मुळातच वाकलेल्या, त्यामुळे प्रत्येक बाकाला मध्ये पोट. तीन मुलं बसवली की कडेची दोघं घसरत मधल्याच्या अंगावर. वर्षानुवर्षं माशाचं तेल प्यायलेलं ते लाकूड, ऊन लागलं की घमघमायचं. एका बाकाच्या पाठीवर तर होडीचा नंबर अजून दिसत होता. आणि प्रत्येक बाकाच्या पुढे, खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवी फळी. हेडमास्तरांनी विचारलं, ही कशाला? सुतारबाबांनी बाकाकडे पाहिलं, हेडमास्तरांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. जन्मभर त्यांनी बाक केले होते ते चर्चचे. तिथे पुढच्या फळीवर गुडघे टेकून प्रार्थना करतात. हात सवयीनं गेला होता, सगळ्या बाकांना.

काढून टाकतो म्हणाले. पण तोपर्यंत माझी लेक एका बाकाच्या टोकाला जाऊन बसली होती, गुडघ्याची कडी सोडवून, आणि तिचा तो जड बूट त्या फळीवर टेकला होता. खुर्चीत बसली की तो पाय नुसता लोंबकळायचा आणि संध्याकाळपर्यंत पट्टे मांडीत रुतायचे. इथे तो टेकला. ती म्हणाली, ही काढायची नाही. मग सगळ्यांच्याच राहिल्या.

इथपर्यंत सगळं झकास होतं. इथे मी थांबायला हवं होतं. पण माझं अक्षर चांगलं होतं ना.

आपल्याकडे कुणी देवळाला घंटा दिली तरी तिच्यावर नाव असतं. मी पांढरा ऑइलपेंट आणला, बारीक ब्रश आणला, आणि एकेका बाकाच्या पाठीवर 'सप्रेम भेट' असं लिहून खाली देणाऱ्याचं नाव घातलं. वळणदार, सावली दिलेलं अक्षर. कोळणीनं आपल्या सासऱ्याचं नाव घालून घेतलं आणि ते बोटभर मोठं काढ म्हणून माझ्या डोक्यावर उभी राहिली. आमच्या बाकावर माझ्या सासऱ्यांचं नाव, ते अर्थातच त्याहूनही बोटभर मोठं. सासऱ्यांनी हयातीत त्या शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण छान दिसत होतं. मी लांब उभी राहून मान तिरकी करून बघायची.

पोरांना वाचता येत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. दोन-चार घरांनी काही दिलेलं नव्हतं, त्यांना देणं शक्यच नव्हतं, आणि ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक. पण तिसरीतला पोरगा बाकाच्या पाठीवर बोट ठेवून दुसऱ्याला सांगायचा, हे माझ्या आजोबांचं नाव आहे, ऊठ. वर्गाच्या बाई त्यांना पुन्हा बसवायच्या. तरी ती दोन-चार पोरं आपण होऊन तरटपट्टीवर जाऊन बसायला लागली. बाईंनी मला सांगितलं. मी म्हटलं, होईल हळूहळू सवय.

मग शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला आले. सफारी सूट, मागे फाइल धरलेला शिपाई. हेडमास्तरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आणि मी चहा घेऊन गेले होते, घरच्या कपबशांतून. साहेब तिसरीच्या वर्गात शिरले आणि एकेक बाक वाचत निघाले. सप्रेम भेट, सप्रेम भेट, सप्रेम भेट. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. म्हणाले, असे जागरूक पालक मी कुठे पाहिले नाहीत. अक्षर कुणाचं, असंही विचारलं. मी खाली बघून सांगितलं, माझंच. त्या रात्री मालकांना मी हा प्रसंग निदान चारदा ऐकवला असेल.

पुढे काही महिन्यांनी हेडमास्तरांनी बोलावलं. घसा जरा जास्तच खाकरत होते. महापालिकेचे बाक आले होते. शेजारच्या भागातल्या शाळांत उतरले, आमच्याकडे गाडी थांबलीच नाही. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की यादीतून आमचं नाव वगळलं आहे. शेरा असा, की पालक जागरूक आहेत, शाळेत बाक उपलब्ध आहेत, गरज नाही.

बाक होते ते एका वर्गात. पहिली, दुसरी आणि चौथी जमिनीवरच होती. माझी लेक सुट्टीनंतर चौथीत जाणार होती. तिच्याबरोबर बाक चौथीत नेले, तर मागून येणारी तिसरी जमिनीवर. न नेले, तर तिचा पाय पुन्हा वाऱ्यावर.

मी वॉर्ड ऑफिसात गेले. कोळणीला सोबत घेतलं, कारण एकटीची हिंमत नव्हती, हे कबूल करायला मला आज काही वाटत नाही, तेव्हा मात्र मी तिला 'चल, तुलाही जरा ऑफिस बघायला मिळेल' असं म्हटलं होतं. पाहणीला आलेले तेच साहेब होते. गोड बोलले. फार गोड. त्यांचं म्हणणं असं, की बाक थोडे, शाळा पुष्कळ, तर ज्या शाळेतल्या पालकांना काहीच देता येत नाही तिला आधी नको का द्यायला? "बाई, तुम्ही सुशिक्षित आहात. तुम्हीच सांगा."

सुशिक्षित म्हटल्याबरोबर मी मान डोलावली. खरंच वाटलं की मीच आप्पलपोटी. आज ते साहेब समोर आले तर सांगीन. सांगीन, की काहीच देता न येणारे पालक आमच्याच शाळेत होते, आमच्याच वर्गात, तरटपट्टीवर. आणि काही न देणारा या शहरात होता कोण? तेव्हा शहरात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर जकात होती. तांदळावर होती, खिळ्यावर होती, माझ्या त्या ऑइलपेंटच्या डब्यावरही असणार. पाटीत बोंबील घेऊन बाजारात बसणारी बाईसुद्धा बसल्या जागेची पावती फाडून घेत होती. ते सगळं मुकाट्यानं दिलेलं. ते कुणी मोजलं नाही, त्याबद्दल कुणी चहाला बोलावलं नाही. वरून जे प्रेमानं दिलं तेच तेवढं मोजलं, आणि ते आमच्या हक्कातून वजा केलं. याला कौतुक म्हणतात. माझा हात फिरवून माझ्याच गालात मारलेली ही चपराक, आणि मी ती कौतुक म्हणून घेऊन घरी आले होते.

पण त्या दिवशी यातलं एक अक्षर मला सुचलं नाही. कोळीण मात्र बसल्या जागेवरून म्हणाली, "सायेब, येऊन बघ ना परत. चौथीत बघ."

साहेबांनी शिपायाला सांगून पुढच्या सोमवारची पाहणी लावली. बहुधा आम्ही उठावं म्हणूनच.

बसस्टॉपवर ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. बस दिसली तेव्हा म्हणाली, "बाक तुझ्या अक्षरानं घालवले गो बाय."

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याकडून मासळी घेतली नाही, सुकटीवर भागवलं. तिसऱ्या दिवशी ती दारात पाटी उतरवून बसली आणि म्हणाली की सगळ्या आयांशी बोलणं झालंय, बाक आपले आहेत, नावं घातलेली आहेत, तर आपण आपले बाक उचलून आणायचे. सोमवारी साहेबाला शाळा दिसेल ती महापालिकेनं ठेवलीय तशीच दिसेल.

मला हे इतकं पटलं की मी तिला आत बोलावून चहा दिला. मग हळूच म्हटलं, एक बाक मात्र राहू दे. माझ्या लेकीचा.

ती पाटीवरचं फडकं नीट करत राहिली.

"अगं, तिला खाली बसवत नाही. तुला माहीत आहे."

"मना माहीत हाय. पण एक ठेवलास तर तो म्हणंल, बाकीचे कुठं गेले? तू सांग काय सांगायचं ते, तू शिकलेली."

ही सगळी खटपट मुळात सुरू झाली ती एका मुलीला जमिनीवर बसावं लागू नये म्हणून. आणि आता त्या मुलीलाच जमिनीवर बसवायचं, म्हणजे एका सफारीवाल्याला दिसेल. मी चडफडले. मालकांना विचारलं, ते म्हणाले तुझं तू ठरव. शेवटी पोरीलाच विचारलं. तिनं केसाची रिबीन चावत विचार केला.

"सगळे खाली बसणार?"

"हो."

"बाईपण?"

"बाई खुर्चीत."

"मग मीपण खाली," ती म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला.

रविवारी दुपारी आम्ही बाक हलवले. हेडमास्तरांनी किल्ली दिली आणि दाढ दुखते म्हणून घरी गेले. कोळणींनी डोक्यावर चुंबळी ठेवल्या आणि एकेक बाक दोघी-दोघींनी असा उचलला की जणू रिकामी टोपली. मीही एक टोक धरलं. माझी स्टार्च केलेली साडी, आणि उन्हानं सुटलेलं ते माशाचं तेल. डोक्यावरून कपाळावर, कपाळावरून पिन लावलेल्या पदरावर. रस्त्यानं आमच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या. मागून कोळीण म्हणाली, "हळू चाल, नवरी पडंल." सगळ्या हसल्या. मी हसले नाही. आज हसते.

बाक कोळीवाड्यातल्या अंगणात मांडले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर बोंबील वाळत पडले.

सोमवारी साहेब आले. मी खिडकीबाहेर उभी होते, तिघी-चौघी आयाही. तिसरीच्या वर्गात फक्त तरटपट्ट्या, आणि जमिनीवर बाकांच्या पायांचे ठसे, आणि वास. तो काही आम्हाला उचलून नेता आला नव्हता. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि विचारलं, बाक कुठे आहेत.

हेडमास्तरांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता हा माणूस सगळं ओकणार. ते म्हणाले, "पालकांचे होते, साहेब. पालकांनी नेले." आणि मग, अगदी नम्रपणे, "ऐच्छिक होते."

तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला सगळं माफ केलं.

साहेब तणतणत वर्गाच्या दुसऱ्या टोकाच्या दाराकडे निघाले. माझी लेक त्याच दाराशी बसली होती, कारण पाय लांब करायला तिथेच जागा. साहेबांचा बूट त्या लोखंडाला लागला, ते धडपडले, शिपायानं सावरलं.

"पाय आवर, बाळ," साहेब म्हणाले.

"आवरत नाही," ती म्हणाली. "लोखंडाचा आहे."

उद्धटपणा नव्हता त्यात. कुणी विचारलं म्हणून सांगावं, तसं सांगितलं. साहेब खाली बघत उभे राहिले. मग त्यांनी तो पाय ओलांडला, म्हणजे दुसरं काही करताच येत नव्हतं, आणि बाहेर जाऊन शिपायाच्या पाठीवर फाइल ठेवून बराच वेळ काहीतरी लिहिलं. आम्ही आया एकमेकींचे हात दाबत होतो. जिंकलो, असं मी म्हटलंदेखील.

महिनाभरानं लॉरी आली. मी धावत गेले. दोन हमाल उतरले, त्यांनी मागचं फळकूट खाली पाडलं आणि एक बाक उतरवला. मी लॉरीत डोकावून पाहिलं. आत काही नव्हतं.

साहेबांनी एक बाक मंजूर केला होता. अपंग विद्यार्थिनीसाठी, एक. अगदी तेवढाच, जेवढा मी पहिल्या दिवशी हेडमास्तरांकडे मागितला होता. नवा कोरा, हिरवट, बाजूला महापालिकेचा नंबर ठोकलेला. अख्ख्या शाळेची मंजूर मागणी, माझं भाषण, एका म्हाताऱ्या कोळ्याची होडी, सुतारबाबांची मजुरी, वॉर्ड ऑफिसच्या खेपा, आणि एका मुलीचं सगळ्यांदेखत जमिनीवर पाय पसरून बसणं. त्या सगळ्याचा हा एक बाक. मी इतकी संतापले होते की हमालानं सही मागितली तेव्हा पेन कागदातून आरपार गेलं.

पोरीला त्या बाकावर बसवलं. खाली फळी नाही, पाय लोंबकळता. आणि सगळा वर्ग खाली, ही एकटी वर. पुन्हा तेच. आठवडाही झाला नाही, बाईंनी मला बोलावून दाखवलं. हिनं मैत्रिणींना सांगून स्वतःला खाली उतरवून घेतलं होतं आणि भिंतीला टेकून, पाय लांब करून, सगळ्यांच्या मध्ये बसली होती. मी म्हटलं, अगं तुझ्यासाठी दिलाय तो. ती म्हणाली, "मग तू बस."

त्या संध्याकाळी मी कोळीवाड्यात गेले. कोळणीला म्हटलं, आपले बाक परत न्यायचे. मला वाटलं ती भांडेल, की एवढं केलं ते काय हरायला. ती म्हणाली, "ने. पण तुझा तो रंग नको."

मी ब्लेड घेऊन गेलेच होते. अंगणात बसून एकेक नाव खरवडलं. माझ्या सासऱ्यांचं नाव निघता निघेना, इतकं ठसठशीत घातलं होतं. कोळणीच्या सासऱ्यांचं नाव खरवडताना मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "होरी त्यांची व्हती ते होरीला माहीत हाय." होडीचा नंबर तेवढा राहू दिला. तो मी लिहिलेला नव्हता.

बाक परत आले ते एका वर्गात ठेवले नाहीत. चारही वर्गांना थोडे थोडे वाटले, आणि पोरं आळीपाळीनं बसायला लागली. कुणाचे ते वाचता येत नव्हतं, त्यामुळे कुणी कुणाला ऊठ म्हणेना. वास मात्र पूर्वीपेक्षा दुप्पट झाला होता. माझी लेक चौथीत गेली तेव्हा होडीचा नंबर असलेला बाक तिच्याबरोबर गेला, कडेची जागा, बूट फळीवर.

आणि महापालिकेचा बाक? तो व्हरांड्यात गेला. कागदावर शाळेत एक बाक उपलब्ध होता, तो कुठेतरी दिसायला हवा. हेडमास्तरांनी त्यावर पाण्याचा माठ ठेवायचं ठरवलं. पोरांना पाणी प्यायला घरी पळावं लागायचं, तेव्हा कल्पना चांगलीच होती. फक्त शाळेकडे माठ नव्हता. मागणी वर पाठवली होती.

त्यांनी पालकांची सभा बोलावली. घसा खाकरला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि कुणी ऐच्छिक माठ देईल का, असं विचारलं. सगळ्या आया वळून माझ्याकडे बघायला लागल्या. कोळणीनं तर हात तोंडाशी नेऊन हसू दाबलं.

माझा राग असा उसळला की उठून सभेतून निघून जावं. पण व्हरांड्यात पोरं उभी होती, मधल्या सुट्टीची, घामाघूम.

माठ मी दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे, शाळेत कुणी नसताना, त्या हिरवट बाकावर नेऊन ठेवला आणि भरला. नाव घातलं नाही, ब्रश केव्हाच फेकून दिला होता. हेडमास्तरांना निरोप ठेवला, की साहेबांनी विचारलं माठ कुणाचा, तर सांगा भरतीला वाहत आला.